एकतीस टक्क्यांवर अडलेला लॅपटॉप

४ ऑक्टोबर, शनिवार. लॅपटॉप चार्ज का होत नाही ते शोधणे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मी एवढंच लिहिलं होतं, दुधाच्या खाड्याखाली.

रात्रभर चार्जर लावून ठेवला होता. सकाळी झाकण उघडलं तर कोपऱ्यातला आकडा झोपताना होता तोच, एकतीस. त्याच्याशेजारी इंग्रजीत बारीक अक्षरं: प्लग लावलेला आहे, चार्जिंग होत नाही. म्हणजे वीज दारापर्यंत आलीय हे त्याला कळत होतं. फक्त बॅटरी भरायची तयारी नव्हती.

मी घरी बसून टायपिंग करते. जिल्हा कोर्टातल्या तीन-चार वकिलांचे दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी दर दिवाळीला तो बदलायला सांगते. मी बदलत नाही, कारण त्याच्या कळा खोल दबतात. माझी बोटं टाइपरायटरवर तयार झाली आहेत. हल्लीच्या चपट्या लॅपटॉपवर टाइप करताना पाटावर बोटं आपटल्यासारखं वाटतं. तर सोमवारी सकाळी एक सत्तावीस पानी प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं, आमच्या भागात लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि बॅटरी एकतीसवर अडली होती.

कारण शोधायला बसण्याआधीच माझा संशय एका माणसावर जाऊन बसला होता.

जूनमध्ये जुनी बॅटरी फुगली. लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तेव्हा लक्षात आलं. मी आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा माणूस, मूळ नांदगावकडचा, राहतो पंचवटीत. पूर्वी दुकान होतं, ते बंद झालं. आता स्कूटरला बॅग अडकवून घरोघर जातो. आमच्या पाच इमारतींत तीन वर्षांपूर्वी त्याला मीच आणलं. सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर मीच लिहिलं होतं, 'माणूस हुशार आहे, वेळेवर येतो.' त्यानंतर एकशेवीस घरांतली कॉम्प्युटरची बहुतेक कामं त्याच्याकडे गेली. त्याचं अर्धं पोट आमच्या कॉलनीवर चालतं असं एकदा तोच म्हणाला होता.

जूनमध्ये त्याने नवी बॅटरी बसवली आणि फुगलेली स्वतःबरोबर नेली. "ही घरात ठेवू नका ताई, मी नेतो," म्हणाला. मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, फुगलेल्या बॅटरीचा याला काय उपयोग?

असो. संशय असला तरी पुरावा लागतो हे मला वकिलांकडून कळलेलं आहे. कामाला लागले.

पहिलं, सॉकेट. हॉलमधल्या बोर्डातून काढून स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी लावला. एकतीस. बेडरूममध्ये लावला. एकतीस. त्याच बोर्डावर मिक्सर फिरला, इस्त्री तापली.

दुसरं, चार्जर. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाकडे याच कंपनीचा लॅपटॉप आहे. वर जाऊन त्याचा चार्जर मागून आणला. वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत द्या हं, त्याचा जीव त्यात असतो." तो लावला. एकतीस. माझा चार्जर वर नेऊन त्याच्या लॅपटॉपला लावला, तर तो मजेत चार्ज व्हायला लागला. म्हणजे चार्जर चांगला.

तिसरं, लॅपटॉप. शिवणाच्या मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला, मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि फक्त चार्जरवर चालू करून पाहिला. चालू झाला. थोडा हळू चालत होता, पण चालला. म्हणजे आतलं यंत्र जिवंत.

सॉकेट चांगलं, चार्जर चांगला, यंत्र चांगलं. उरली बॅटरी.

त्यात झाकण लावताना आणखी एक गोष्ट दिसली. मागे भोकं नऊ होती आणि स्क्रू आठ. मी टेबलाखाली पाहिलं, सतरंजी झटकली, उघडताना सगळे ज्या वाटीत ठेवले होते ती पाहिली. आठच. बॅटरीवरचं स्टिकरही एका कोपऱ्यात वाकडं चिकटलेलं होतं. नव्या वस्तूचं स्टिकर वाकडं कसं असेल?

मी फोन लावला.

"ताई, मी लासलगावला आलोय," तो म्हणाला. मागे ब्लोअरचा आवाज होता. "आडतीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर साफ करतोय. कांद्याची फोलपटं पार पंख्यात जाऊन बसतात, लय हाल असतात मशीनचे. काय झालं?"

"तुमची बॅटरी चार्ज होत नाहीये."

"वॉरंटीत हाय ना. संध्याकाळी येतो."

"येताना दुसरी घेऊन या."

"आधी बघू तर द्या."

"मी बघितलंय सगळं."

"चालू करताना स्क्रीनवर काही लिहून येतं का?"

"येतं काहीतरी इंग्रजीत. एंटर दाबलं की जातं."

"काय येतं ते वाचता का?"

"तुम्ही बॅटरीचं बोला. आणि एक स्क्रू कमी आहे मागचा."

"सातच्या आत येतो ताई," एवढं म्हणून त्याने ठेवला. स्क्रूबद्दल तो काहीच बोलला नाही, हे मी लक्षात ठेवलं. ते लिहून येतं त्याचं विचारणं मला वेळकाढूपणा वाटला. शुक्रवारपासून चालू करताना काळ्या पडद्यावर चार ओळी येत होत्या. नऊ वर्षांचं यंत्र काही ना काही कुरकुर करणारच, म्हणून मी एंटर दाबून पुढे जात होते.

मग मी जेवले, आणि जेवल्यावर ग्रुपवर लिहिलं. शब्द अजून पाठ आहेत:

'सर्वांच्या माहितीसाठी. आपल्याकडे येणाऱ्या लॅपटॉपवाल्यांनी जूनमध्ये मला दिलेली नवी बॅटरी चार महिन्यांत बंद. जुनी बॅटरी ते स्वतः घेऊन गेले. मागचा एक स्क्रूही नाही. प्रत्येकाने आपापली खात्री करून घ्यावी.'

मी कुठेही चोर म्हटलं नव्हतं. वर्षानुवर्षं दावे टाइप केल्यावर एवढं कळतं, की नुसत्या गोष्टी ओळीने मांडल्या तर उरलेलं वाचणारा स्वतः भरतो.

वाचणाऱ्यांनी भरलं. 'बरं झालं सांगितलंत वहिनी.' 'आमच्या प्रिंटरचा आवाज येतोय तो हात लावून गेल्यापासून.' एकांनी तर लिहिलं की त्यांचा पेनड्राइव्ह मार्चपासून सापडत नाही. तळमजल्यावर कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, 'सहा मशीन त्यांनाच देणार होतो. थांबतो.' आणि शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी, त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाला लिहितात, 'उद्या साडेअकराला येणार होते. येऊ नका म्हणून कळवते आहे.'

नवरा सातपूरच्या कारखान्यात आहे. पहिली पाळी करून चारला घरी आला, बूट काढता काढता त्याने मोबाइल वाचला.

"अगं, माणूस यायच्या आतच निकाल?"

"तुम्हाला सगळेच चांगले वाटतात."

"सगळे नाही. तुझ्या भावाबद्दल माझं मत निराळं आहे."

"चहा हवा असेल तर गप्प बसा."

तो गप्प बसला.

पावणेसातला दुरुस्तीवाला आला. हेल्मेटवर धूळ, पाठीला बॅग, हातात बॅटरीचा खोका नाही. तेही मी लक्षात ठेवलं. लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवला आणि त्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसले. याने काही काढलं, काही घातलं तर मला दिसायला हवं होतं.

त्याने झाकणाला हातच लावला नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळा पडदा आला, चार ओळी आल्या. माझं बोट सवयीने एंटरकडे गेलं.

"थांबा ना ताई. वाचू द्या." त्याने ओठ हलवत वाचलं. "चार्जर ओळखता येत नाही म्हणतोय. चार्जिंग करणार नाही, स्पीड कमी करतोय. दोन दिवस हेच सांगतोय तुम्हाला."

"चार्जर चांगला आहे. वरच्यांच्या लॅपटॉपला लावून बघितलाय. त्यांचाही इथे लावलाय."

"बरोबर केलंत." हे तो मनापासून म्हणाला की कुचकटपणे, मला कळलं नाही. "परवा-काल लाइट गेली होती का?"

"काल संध्याकाळी."

"बॅटरीवर किती वेळ चालला?"

मी आठवलं. "अडीच तास."

"मग डुप्लिकेट बॅटरी अडीच तास चालेल का?"

डुप्लिकेट हा शब्द मी फोनवर वापरला नव्हता. ग्रुपवरही वापरला नव्हता.

त्याने चार्जरची पिन काढली, छोटा टॉर्च दातांत धरला आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या भोकात उजेड पाडून एक डोळा मिटून बघितलं. मग तो तोंडातून काढून म्हणाला, "खंडेनवमीला पूजा केली याची?"

"केली. दरवर्षी करते. का?"

"कुंकू कुठं लावता?"

मी बोट दाखवलं, आणि बोट जिथे टेकलं ते पाहून माझं मलाच कळलं.

मी टायपिंग शिकले ती संस्था मेन रोडच्या मागे एका बोळात होती. खंडेनवमीला तिथे सगळे टाइपरायटर पुसून ओळीने मांडायचे आणि आम्ही मुलींनी पूजा करायची. गंध आणि कुंकू मशीनच्या डाव्या बाजूला लावायचं, असं आमचे सर सांगत. ओळ संपली की हात जातो तो दांडा डाव्या बाजूला असतो, म्हणून. ते लोखंड होतं. त्यावर वाटीभर कुंकू ओतलं असतं तरी त्याला फरक पडला नसता. टाइपरायटर गेले, मी लॅपटॉपवर आले, आणि हात जायचा तिथेच जात राहिला. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला चार्जरचं भोक आहे.

"पण दरवर्षी लावते मी," मी म्हटलं. "याच वर्षी कसं झालं?"

"चार्जर लावलेला असायचा का पूजेच्या वेळी?"

असायचा. दरवर्षी लॅपटॉप तसाच पिन लावलेला पाटावर ठेवत होते. या वर्षी मात्र विजेच्या वस्तूला ओलं गंध लागू नये म्हणून, काळजी घ्यायची म्हणून, पिन काढून ठेवली होती. इतकी वर्षं त्या पिनेनेच भोक बुजवलेलं होतं. नवमीला ओलं गंध, वर कुंकू. दसऱ्याचा दिवस कामाची वस्तू हलवायची नाही म्हणून ते तिथेच सुकलं. आणि शुक्रवारी सकाळी मी पिन खुपसून ते आत ठासलं.

त्याने टूथपिकला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि हलक्या हाताने भोकात फिरवला. कापूस लाल होऊन बाहेर आला. चार वेळा लाल, पाचव्यांदा गुलाबी.

"मधे ही बारीक सुई आहे बघा. विजेचं काम हिच्याकडे नाही. हिच्यातून लॅपटॉप चार्जरला विचारतो, कोण तू? उत्तर आलं नाही तर चालण्यापुरती वीज घेतो, बॅटरीत भरत नाही. वरच्यांचा चार्जर लावला तरी तोही बिचारा काय सांगणार, ऐकू येत नव्हतं ना याला."

मी भिंतीतलं सॉकेट तपासलं होतं, चार्जर तपासला होता, लॅपटॉप उघडून पोटापर्यंत गेले होते. दोघं जिथे भेटतात त्या भोकात डोकावले नव्हते.

त्याने पिन लावली, चालू केला. चार ओळी आल्या नाहीत. पाच मिनिटं आम्ही दोघं कोपऱ्याकडे बघत बसलो. बत्तीस झाले.

"दसरा झाला की आठवडाभर माझं हेच असतं," बॅग आवरताना तो म्हणाला. "आज लासलगावला वजनकाट्याच्या आकड्यांवर गंध. एका दवाखान्यात प्रिंटरच्या पोटात अक्षता निघाल्या, मूठभर. डॉक्टर म्हणाले, पेशंटने केलं असेल."

नवरा हसला. मी हसले नाही. "आणि स्क्रू?" मी विचारलं.

"मी जूनमध्ये उघडला तेव्हा आठच होते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ते चुकलं माझं."

"जुनी बॅटरी?"

"वाळूच्या डब्यात ठेवतो अशा सगळ्या. महिन्यातून एकदा ई-कचऱ्याची गाडी येते, तिच्यात देतो. तुमच्याकडे ठेवली असती तर तुम्ही जपून ठेवली असती ताई. देव्हाऱ्याखाली नाहीतर माळ्यावर. पेटतात त्या."

ठेवली असती. माळ्यावर जुन्या टाइपरायटरच्या फितीसुद्धा आहेत.

दारात बूट घालताना तो खाली बघत म्हणाला, "ग्रुपवरचं वाचलं मी."

"कुणी दाखवलं?"

"तिघांनी पाठवलं. बाईंचा फोनपण आला, उद्या येऊ नका म्हणून. क्लासवाल्या सरांचा मेसेज."

"माहीत होतं तरी आलात?"

"आलो नसतो तर ते खरंच झालं असतं की." त्याने हेल्मेट घातलं. माझ्याकडून त्याने काही मागितलं नाही, रागावलाही नाही. ते मला जड गेलं. भांडला असता तर मी उत्तर दिलं असतं.

नवरा म्हणाला, "मेसेज डिलीट करून टाक. संपलं."

संपलं नसतं. मेसेज काढला की तिथे 'हा मेसेज काढला आहे' असं राहतं, आणि दुपारी तो सगळ्यांनी वाचलेला होता. लोक म्हणाले असते, हिला काढायला लावला. मी लिहायला बसले. पहिला मसुदा: 'काही तांत्रिक गैरसमजातून…' तो मी स्वतःच पुसला. असली वाक्यं कुणाला वाचवायला लिहितात ते मला माहीत आहे. मग सरळ लिहिलं: 'दुपारच्या मेसेजमधली माहिती चूक होती. बॅटरी चांगली आहे. चार्जिंगच्या भोकात मीच पूजेचं कुंकू लावलं होतं. स्क्रू त्यांच्यामुळे गेला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. चूक माझी, त्यांची नाही.' सोबत लाल कापसाचा फोटो टाकला आणि जेवायच्या आधी पाठवला.

दुपारच्या मेसेजला तेवीस उत्तरं आली होती. याला तीन आली. एक अंगठा. एक 'ओके'. आणि वरच्या वहिनींचं, फक्त मला: 'तो घरी येऊन दमदाटी करून गेला का हो? वर आवाज नाही आला काही.' पेनड्राइव्हवाल्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी वाचल्याच्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला मी मेथीच्या दोन जुड्या पिशवीत घातल्या आणि शेजारच्या इमारतीत बाईंच्या दारावर बेल दाबली.

"मेसेज वाचलात ना?" मी विचारलं.

"वाचला." त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "दुपारी तुम्ही एक लिहिलंत. मग तो तुमच्या घरी आला. मग तुम्ही उलट लिहिलंत. शाळेत जन्म गेला माझा. मुलं माफीपत्र कुणासमोर बसून लिहितात ते मला कळतं."

"माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं. कुंकू मीच लावलं होतं."

"असेलही. पण माझ्या मुलाचे अमेरिकेतले सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये आहेत. मी एकटी असते. मला त्यातलं काही कळत नाही."

हा संशय मी त्यांच्या घरात आणून ठेवला होता आणि तो आता त्यांचा झाला होता. माझ्या सांगण्याने उठून जाणार नव्हता.

"त्याला बोलवा," मी म्हटलं. "काम होईपर्यंत मी इथे बसते. काही गेलं तर माझ्याकडून घ्या."

"किती वेळ बसाल?"

मी पिशवीतली मेथी दाखवली. बाईंनी ती बघितली, मग मला, आणि आतून ताट आणून दिलं.

फोन मीच लावला. तो साडेअकराच्या ठोक्याला आला. मला तिथे बघून त्याला आश्चर्य वाटलं असेल, तर तसं त्याने दाखवलं नाही. "नमस्कार बाई. नमस्कार ताई," एवढंच म्हणाला आणि कॉम्प्युटर जमिनीवर आडवा केला. उघडण्याआधी त्याने बाईंकडे एक वाटी मागितली. मग प्रत्येक स्क्रू वाटीत टाकताना मोठ्याने आकडा म्हणायला लागला. एक. दोन. तीन. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून मेथी निवडत होते. सात. आठ. बाईही ओठांत मोजत होत्या. अकरा झाले.

दीड तास लागला. आत धूळ होती, एक पंखा अडकला होता. झाकण लावताना त्याने पुन्हा अकरा मोजले, आणि रिकामी वाटी उचलून आधी बाईंना दाखवली, मग मला. माझी मेथी केव्हाच निवडून झाली होती. मी शेवटचा स्क्रू पिळून होईपर्यंत बसून राहिले, मग देठं गोळा केली आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर क्लासच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथे सहा मशीन होती. घरी जाऊन आणखी काहीतरी निवडायला आणावं लागणार होतं.